रूळ तेच, वीज नवी

लेगोच्या प्लॅस्टिकच्या विटा आता आपल्याकडच्या मुलांना नव्या राहिलेल्या नाहीत. परंतु या विटांची रुळांवरून खरोखर धावणारी आगगाडी होते, आणि त्या गाडीचा इतिहास जवळजवळ साठ वर्षांचा आहे, असे सांगितले की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर थोडे नवल आणि थोडी थट्टा अशी दोन्ही उमटतात. माझा एक कानडी मित्र तिला 'इट्टिगे रैलु' म्हणतो, म्हणजे विटांची रेल्वे. वीस वर्षांच्या मुलाने कॉलेजच्या अंकात खेळण्यावर लेख लिहावा का, असा प्रश्न कुणी काढील. त्याला उत्तर एवढेच की या गाड्या जपून ठेवणाऱ्यांत मोठी माणसेच पुष्कळ असतात, आणि कंपनीने वेळोवेळी घेतलेल्या निर्णयांचा भुर्दंड त्यांनीच भरलेला आहे. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला यात पाहण्यासारखे बरेच काही सापडते.

प्रथम मापे सांगतो, कारण पुढचे सगळे त्यांवर उभे आहे. डेन्मार्कमधील बिलुंड या गावी ओले कर्क क्रिस्तियान्सेन नावाच्या सुताराने १९३२ मध्ये लाकडी खेळणी करायला सुरुवात केली. आज आपण पाहतो ती, पोटात नळ्या असलेली वीट २८ जानेवारी १९५८ रोजी पेटंटसाठी दाखल झाली. विटेच्या डोक्यावर जे गोल उंचवटे असतात त्यांना आमच्या घरी गुंड्या म्हणतात, मीही इथे तेच म्हणेन. एका गुंडीच्या मध्यापासून शेजारच्या गुंडीच्या मध्यापर्यंत अंतर ८ मिलिमीटर. विटेची उंची ९.६ मिलिमीटर आणि पातळ विटेची, जिला मी पाटी म्हणतो, ३.२ मिलिमीटर. म्हणजे तीन पाट्यांची एक वीट. साचे इतके काटेकोर की मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतकीही चूक चालत नाही. म्हणूनच १९५८ ची वीट आजच्या विटेवर घट्ट बसते.

गाडी आली १९६६ मध्ये. निळे रूळ, साडेचार व्होल्टची मोटर, आणि गाडीबरोबर फिरणारे तीन सेल. दोन रुळांमधले आतले अंतर सुमारे ३७.५ मिलिमीटर ठेवले गेले आणि हा आकडाही अद्याप हललेला नाही. रुळांचे जोड बदलले, रंग बदलला, पण गेज तेच राहिले. तेव्हाच्या डब्याची चाके आजच्या रुळांवर चालतात.

बदलत गेली ती वीज. पहिल्या गाडीनंतर दोन-तीन वर्षांतच बारा व्होल्टची गाडी निघाली. तिच्यासाठी रुळांच्या मधोमध आणखी दोन धातूच्या पट्ट्या टाकाव्या लागत आणि घरातल्या विजेवर चालणारा ट्रान्स्फॉर्मर त्यांत प्रवाह सोडी. १९८० मध्ये रूळ करड्या रंगाचे झाले आणि या बारा व्होल्टच्या गाड्यांना सगळा राजेशाही थाट मिळाला. सांधे बदलणे, सिग्नल देणे, डबे सोडवणे, फाटक पाडणे, हे सारे जागेवर बसून बटणांनी करता येई. 'इंटर-सिटी' ही त्याच वर्षीची गाडी. पुढे १९९१ मध्ये नऊ व्होल्टची पद्धत आली. मधल्या पट्ट्या गेल्या, रुळांच्या माथ्यावरच धातूचा पत्रा आला आणि मोटर आपल्या चाकांतूनच वीज घेऊ लागली. दिसायला ही पद्धत सर्वांत देखणी. 'मेट्रोलायनर' ही याच वर्षीची गाडी जुन्या जाणकारांच्या तोंडी अजून असते.

पंधरा वर्षे हे चालले. २००६ मध्ये कंपनीने पुन्हा सेलवर चालणारी गाडी काढली. रूळ नुसत्या प्लॅस्टिकचे आणि गाडी दुरून रिमोटने चालवायची. २००७ मध्ये नऊ व्होल्टची पद्धत बंद करीत असल्याचे जाहीर झाले. २००९ मध्ये गाड्यांत 'पॉवर फंक्शन्स' नावाची जुळणी आली, ज्यात मोटर, सेलचा डबा आणि रिमोटचा रिसीव्हर सुटे सुटे मिळत आणि हवे तसे बसवता येत. २०१८ पासून 'पॉवर्ड अप'. यात गाडीला ब्लूटूथ आहे, म्हणजे ती हातातल्या रिमोटवर चालते, तशी मोबाईल फोनवरही चालते. मोजून पाहा, पाचदा बदल झाला, आणि आधीच्या मोटरची वायर नव्या डब्यात बसेलच याची खात्री राहिली नाही.

आपल्या गावाच्या रेल्वेचे नेमके याच्या उलट झाले. बेळगाववरून जाणारी मिरज-लोंढा लाइन पूर्वी मीटर गेज होती. १९९० नंतरच्या दशकात ती ब्रॉड गेज झाली आणि जुनी इंजिने, जुने डबे एका फटक्यात निकामी ठरले. ते सुस्थितीत होते की नाही, हा प्रश्नच उरला नाही, कारण एक मीटर रुंदीची चाके १६७६ मिलिमीटरच्या रुळांवर ठेवताच येत नाहीत. लेगोने गेज राखले आणि शक्ती बदलली, म्हणून तिथे जुन्या गाडीला वाट उरली. जुन्या गाडीचे आधुनिकीकरण शक्य आहे ते एवढ्या एकाच कारणाने. फक्त ती वाट कंपनीने करून दिलेली नाही, ती ज्याची त्याने शोधायची असते.

इथे हिशेबाचा मुद्दा येतो. लेखाकर्मात आपण घसारा शिकतो. वस्तू वापराने झिजते, आणि न झिजताही कालबाह्य होते. नऊ व्होल्टचे रूळ ज्यांनी खोलीभर अंथरले होते त्यांच्या वस्तू झिजल्या नव्हत्या, पण २००७ नंतर त्यांना दुकानातून नवा रूळ मिळणे बंद झाले. कंपनीची बाजूही सांगितली पाहिजे. २००३ आणि २००४ ही दोन्ही वर्षे तिला जबर तोट्याची गेली होती आणि धातूचा पत्रा चढवलेला रूळ करणे खर्चाचे काम असते. तोट्यातल्या धंद्याने खर्चाला कात्री लावली तर त्याला दोष किती द्यावा? पण ग्राहकाच्या जमाखर्चात ती रक्कम कुणी धरीत नाही, हेही खरेच.

गंमत अशी की ही पोकळी भरली ती कायद्याने मोकळ्या झालेल्या वाटेने. विटेची पेटंटे संपल्यावर कंपनीने गुंड्यांचा आकार हेच आपले व्यापारचिन्ह आहे, असा दावा केला. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये तो फेटाळला. जो आकार वस्तूचे काम करण्यासाठीच आहे तो व्यापारचिन्ह म्हणून कायमचा कुणा एकाच्या मालकीचा होऊ शकत नाही, असा त्याचा आशय. युरोपीय न्यायालयाने २०१० मध्ये त्याच दिशेचा निकाल दिला. व्यापारी कायद्याच्या तासाला ही दोन उदाहरणे सांगण्याजोगी आहेत. आज कॅनडा, अमेरिका, पोलंड इथले लहान कारखाने लेगोच्या मापात बसणारे रूळ करतात. त्यांत धातूचे आहेत आणि कंपनीने कधीच न केलेली मोठी वळणेही आहेत. आपल्याकडे मात्र ते मागवणे जड जाते. खेळण्यांवरचे आयात शुल्क २०२० च्या अर्थसंकल्पात २० टक्क्यांवरून ६० टक्के झाले आणि २०२३ मध्ये ७० टक्के. त्यामुळे या छंदातला आमच्याकडचा बराचसा माल परदेशातून येणाऱ्या नातेवाइकांच्या बॅगेतूनच येतो.

आमच्या घरची गाडी अशीच आली. माझे थोरले काका जहाजावर नोकरीला होते. १९८६ साली ते हॅम्बुर्ग बंदरातून एक साडेचार व्होल्टची मालगाडी घेऊन आले, माझ्या चुलत भावासाठी. पुढे ती माळ्यावर गेली. तीन वर्षांपूर्वी मी ती खाली काढली तेव्हा विटा शाबूत होत्या, रूळ शाबूत होते, पण सेलच्या डब्यातल्या पट्ट्या गंजून गेल्या होत्या आणि मोटर नुसती गुरगुरत होती. दादा पुण्याहून फोनवर म्हणाला, "अरे, विकून टाक. खोक्यासकट आहे, हौशी लोक चांगले पैसे देतील." त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. न वापरता खोक्यात पडून राहिल्याने ज्याची किंमत वाढते अशी मालमत्ता आमच्या पाठ्यपुस्तकात फारशी भेटत नाही. काका मात्र म्हणाले, "पळव की. पण तिचं काही कापायचं नाही. उद्या मला ती होती तशी मागितली तर होती तशी मिळाली पाहिजे."

काकांना ठाऊक नव्हते, पण जगभरचे जाणकार ज्या प्रश्नावर भांडतात तोच त्यांनी दोन वाक्यांत निकालात काढला. जुन्या गाडीची मोटर उघडून, वायरी तोडून, आत नवे यंत्र झाळून बसवणारे लोक आहेत. बारा व्होल्टच्या इंजिनांत हे पुष्कळदा केले जाते. गाडी उत्तम चालते, पण ती परत पूर्वीसारखी होत नाही. दुसरा पंथ म्हणतो, जे करायचे ते फक्त विटांनी करा, म्हणजे उलगडता येईल. मी दुसऱ्या पंथाचा. अडचण एवढीच की यात डोके जास्त चालवावे लागते.

समोर तीन वाटा होत्या. पहिली, जुनीच मोटर ठेवायची आणि सेलच्या डब्यातल्या पट्ट्या पॉलिश पेपरने घासून घ्यायच्या. ही सर्वांत स्वस्त. पण पुन्हा पुन्हा भरता येणारे सेल वापरावेत तर त्यांचा दाब प्रत्येकी १.२ व्होल्ट, तिहींचा मिळून ३.६. साडेचारची मोटर त्यावर चालते, पण मालगाडी चढावर अडावी तशी. दुसरी वाट जुन्या मोटरला नऊ व्होल्टचा नवा डबा जोडण्याची. हे कुणी सुचवले तर ऐकू नये. दुप्पट दाबावर ती मोटर थोडा वेळ भन्नाट धावते आणि मग कायमची थांबते. तिसरी वाट मी घेतली. जुनी मोटर खालून सोडवून तिच्या जागी नवी, पॉवर्ड अपची मोटर. ही मोटर म्हणजे इंजिनाखाली बसणारा चार चाकांचा ठोकळा. चाकांना रबराच्या कड्या आहेत, त्यामुळे गुळगुळीत प्लॅस्टिकवर ती घसरत नाही. इंजिनाच्या तळाची मांडणी त्यासाठी उकलून नव्याने करावी लागली, पण वरचे टपाल, खिडक्या, दिवे आहेत तसेच.

प्रश्न उरला तो सहा सेलच्या डब्याचा, ज्यात ब्लूटूथचे यंत्रही असते. आमच्या छोट्या डिझेल इंजिनात तो काही मावेना. तो मागच्या बंद मालडब्यात ठेवला आणि वायर दोन डब्यांच्या मधून नेली. जुन्या गाडीतही सेल गाडीबरोबरच फिरत असत, तेव्हा हे रूपाला धरूनच झाले. जुनी मोटर आणि सेलचा डबा एका पुरचुंडीत बांधून मूळ खोक्यात ठेवला आहे. काकांनी मागितली तर अर्ध्या तासात १९८६ ची गाडी उभी करता येईल.

सेलवरच्या गाडीचा एक फायदा लोकांच्या लक्षात येत नाही. रुळांतून वीज नेणाऱ्या पद्धतीत डाव्या आणि उजव्या रुळांत वेगवेगळा ध्रुव असतो. रूळ वळून स्वतःलाच परत येऊन मिळाला, म्हणजे वळशाचा आकार झाला, की डावा रूळ उजव्याला भेटतो आणि शॉर्ट सर्किट होते. प्लॅस्टिकच्या रुळांत वीजच नाही, तेव्हा हवा तसा वळसा घाला. तोटा म्हणजे सेलचे ओझे सतत ओढावे लागते आणि डबे वाढवले की वेग पडतो. आधीच्या रिमोटच्या गाड्यांत आणखी एक खोट होती. त्यांचा किरण टीव्हीच्या रिमोटसारखा, समोरासमोर पोचला पाहिजे. गाडी पलंगाखाली गेली की ती आपल्या मनाची मालक. ब्लूटूथने ती खोट गेली.

हे झाले यंत्राचे. आता रूपाकडे येतो, कारण मला स्वतःला त्यातच जास्त गोडी आहे. परदेशी गाडी पळवून झाल्यावर आपल्या डोळ्यांसमोरची गाडी करावी असे वाटतेच. मी राणी चन्नम्मा एक्स्प्रेसचा निळा डबा करायला घेतला, चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीच्या जुन्या नमुन्याचा. पहिला प्रश्न प्रमाणाचा. आपले ब्रॉड गेज १६७६ मिलिमीटर, लेगोचे ३७.५. भागून पाहिले तर प्रमाण सुमारे १:४५ येते. (युरोपचे १४३५ मिलिमीटरचे गेज धरले तर १:३८. आपले रूळ रुंद, म्हणून आपल्या गाडीचे चित्र लहान, हा उलटा न्याय मजेचा आहे.) या प्रमाणात ३.२५ मीटर रुंदीचा डबा ७२ मिलिमीटर, म्हणजे नऊ गुंड्यांचा होतो. कंपनीच्या बहुतेक गाड्या सहा गुंड्यांच्या असतात. त्या आपल्याला रोड वाटतात ते यामुळेच. लांबी २१.३ मीटर, म्हणजे ४७ सेंटिमीटर, एकोणसाठ गुंड्या.

एवढा लांब डबा केला आणि वळणावर नेला तर काय होईल? कंपनीच्या वळणाची त्रिज्या चाळीस गुंड्या, ३२ सेंटिमीटर. आपल्या ब्रॉड गेजवर दहा अंशांहून तीव्र वळण घालीत नाहीत, म्हणजे त्रिज्या किमान १७५ मीटर. आमच्या प्रमाणात ती ३.९ मीटर होते. तसे वर्तुळ मांडायचे तर आठ मीटर रुंदीची खोली हवी, आणि ती बेळगावच्या आमच्या वाड्यात नाही. डब्याखाली चाकांचे दोन गाडे असतात. (रेल्वेवाले यांनाच बोगी म्हणतात. आपण सगळ्या डब्याला बोगी म्हणून मोकळे होतो.) खऱ्या डब्यात या दोन गाड्यांच्या मध्यांतले अंतर १४.७८ मीटर, आमच्याकडे ३३ सेंटिमीटर. भूमितीने काढले तर चाळीस गुंड्यांच्या वळणावर डब्याचा मध्य रुळांच्या मध्यापासून साडेचार सेंटिमीटर आत सरकतो, म्हणजे सरळ रुळाबाहेरच जातो. शेजारच्या रुळावर दुसरी गाडी उभी असेल तर टक्कर ठरलेली. यावर दोन उपाय. एक, वर सांगितलेल्या लहान कारखान्यांचे १०४ गुंड्यांच्या त्रिज्येचे रूळ आणायचे. त्यांवर हेच सरकणे सोळा-सतरा मिलिमीटरवर येते. दुसरा, डबा आखूड करायचा. दोन गाड्यांत वीस गुंड्यांचेच अंतर ठेवले तर जुन्या वळणावरही डबा फक्त एक सेंटिमीटर सरकतो. आयात शुल्क लक्षात घेऊन मी दुसरा उपाय केला. डबा छत्तीस गुंड्यांचा झाला, खिडक्या कमी झाल्या, पण पाहणाऱ्याचा डोळा खिडक्या मोजत नाही, रंग आणि उंची पाहतो.

रंगाचे पट्टे करताना विटांचा एक गुण उपयोगी पडतो, तो सांगितल्यावाचून राहवत नाही. पाच पाट्या एकावर एक ठेवल्या तर उंची ५ गुणिले ३.२, म्हणजे १६ मिलिमीटर. दोन गुंड्यांची रुंदीही १६ मिलिमीटरच. म्हणजे पाच पाट्यांची चवड आडवी निजवली तर ती दोन गुंड्यांच्या जागेत अचूक बसते. बाजूला गुंडी असलेल्या विटा मिळतात, त्यांवर अशी आडवी रचना करता येते. मग डब्याची भिंत वर चढत जाणाऱ्या थरांची राहत नाही, हव्या त्या दिशेने बांधता येते. आपल्या स्लीपर डब्याच्या खिडक्यांना आडवे गज असतात. बाजारात जाळीची एक लहान फरशी मिळते, दोन गुंड्यांएवढी, ती बाजूने लावली की गज तयार. एका पाटीची जाडी आमच्या प्रमाणात खऱ्या डब्यावरच्या चौदा सेंटिमीटरांएवढी होते, हे पाठ ठेवले की खिडक्यांभोवतीच्या फिकट निळ्या पट्ट्याला किती पाट्या लागतील ते कागदावरच काढता येते. विटांचा खर्च आधी कळतो, हा वाणिज्यवाल्याचा फायदा.

जुन्या गाडीतल्या पांढऱ्या विटा पिवळ्या पडलेल्या असतात. तो उन्हाचा परिणाम. हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये बुडवून उजेडात ठेवल्या तर त्या पुष्कळशा उजळतात. मी काकांच्या गाडीवर हा प्रयोग केलेला नाही, त्यांनी नको म्हटले.

राहता राहिला रुंदीचा प्रश्न. पहिला डबा मी आठ गुंड्यांचा केला, कारण सम आकड्याला सगळे भाग सहज मिळतात. तो देखणा आहे, पण इंजिनामागे लावला की किंचित अरुंद दिसतो, आणि ज्याने रोज राणी चन्नम्मा पाहिली आहे त्याला ते खटकते. दुसरा डबा नऊ गुंड्यांचा घेतला आहे. नऊच्या डब्याच्या बरोबर मध्यावर गुंडी येते आणि चाकांच्या गाड्याच्या मध्यावर दोन गुंड्यांमधली फट, त्यामुळे दोन्ही एकमेकांवर बसत नाहीत. यावर तोडगा म्हणजे मधोमध एकच गुंडी असलेली दोन गुंड्यांची पाटी, जी वरची रचना बरोबर अर्ध्या गुंडीने, म्हणजे चार मिलिमीटरने सरकवते. प्रत्येक गाड्याला अशा चार लागतात. सहा जमल्या आहेत, दोन दादा पुण्याहून येताना आणणार आहे.